गॅरेजमधली रॅले

मुलांनो, कॅनडात वॉटर्लू नावाची एकाहून जास्त गावे आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? एक आपले, ओंटॅरिओतले. दुसरे क्वेबेकमध्ये, माँट्रियालच्या पूर्वेला. त्या दुसऱ्या वॉटर्लूत रॅले कंपनीचा सायकलींचा कारखाना कित्येक वर्षे होता. आता तो बंद झाला आहे. तिथे तयार झालेली एक सायकल मात्र आपल्या वॉटर्लूत, आमच्या गॅरेजमध्ये, भिंतीला टेकून उभी होती.

रॅले हे नाव तुमच्या आजोबांना विचारून पाहा. मूळची ही इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची कंपनी. एके काळी आपल्याकडे दारात रॅले असणे म्हणजे मोठी ऐट होती. पुढे बंगालमध्ये आसनसोल येथेही 'सेन-रॅले' नावाने या सायकली तयार होऊ लागल्या.

आमची रॅले मात्र माउंटन बाइक. बाबा १९९३ साली इथे शिकायला आले, तेव्हा त्यांनी ती एका गराज सेलमध्ये घेतली. तिच्यावरून त्यांनी दुधाचे कॅन आणले, तांदळाच्या पिशव्या आणल्या, एकदा तर खुर्चीही आणली! गेल्या वर्षी आमची मोठी मुलगी तेरा वर्षांची झाली आणि तिला ती सायकल बरोबर बसली. बाबांनी चेनला तेल घातले, चाकांत हवा भरली आणि म्हणाले, "घे, जुने ते सोने!"

पहिल्याच उतारावर ब्रेक लागला नाही. ती पानांच्या ढिगात पडली म्हणून थोडक्यात निभावले. कोपर तेवढे खरचटले. घरी आल्यावर तिने स्पष्ट सांगितले, "मला ही सायकल नको." बाबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी आम्हांला एक गोष्ट कळली, ती म्हणजे 'जुने ते सोने' ही म्हण ब्रेकच्या रबराला लागू नाही. वर्षानुवर्षे ते रबर कडक होत जाते आणि मग रिमवर नुसते घसरते.

सायकल टाकून द्यायची की दुरुस्त करायची? हिवाळाभर आम्ही यावरच बोलत होतो. शेवटी दुरुस्तच केली. ती कशी केली ते सांगतो, कारण अशी सायकल तुमच्याही घरी असू शकेल.

आधी तपासणी. पैसे खर्च करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. सांगाड्याला, विशेषतः हँडलखालच्या आणि पॅडलजवळच्या जोडांना, तडा आहे का? पुढचा चिमटा सरळ आहे का? आणि सीटची नळी वरखाली होते का? इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे ॲल्युमिनियमची नळी पोलादी सांगाड्यात इतकी घट्ट धरते की कधी कधी निघतच नाही. आमची निघाली.

मग ब्रेक. जुने ब्रेक 'कँटिलिव्हर' जातीचे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'व्ही-ब्रेक' आले. ते बहुधा त्याच खुंट्यांवर बसतात आणि पकडतातही जोरात. मात्र एक मेख आहे. व्ही-ब्रेकला वायर जवळजवळ दुप्पट ओढावी लागते. जुन्या मुठी तेवढी ओढत नाहीत, आणि ब्रेक पुरता लागण्याआधीच दांडी हँडलला टेकते. म्हणून ब्रेक बदलला तर मुठीही बदलाव्यात. डिस्क ब्रेक लावण्याचा मोह आम्हांलाही झाला होता, पण त्यासाठी लागणारे बसके जुन्या सांगाड्यावर नसतात.

टायर घेताना आम्ही फसलो, आणि चूक आमचीच होती. '२६' एवढेच पाहून टायर आणला, तो काही केल्या रिमवर बसेना! टायरच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो. तो रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये. माउंटन बाइकच्या २६ इंची चाकाचा आकडा ५५९. जुन्या तीन गियरच्या रॅलेच्या २६ इंची चाकाचा ५९०. दोन्ही 'सव्वीस', पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. तेव्हा इंच पाहू नका, हा आकडा पाहा.

आता गियर. पूर्वी पुढे तीन चक्रे आणि मागे सात, म्हणजे एकवीस गियर. आता पुढे एकच चक्र आणि मागे नऊ! एकविसाचे नऊ झाले तर तोटा झाला का? गणित करू. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक तितक्या वेळा फिरते. चाकाची एक फेरी म्हणजे सुमारे २ मीटर. जुना सर्वांत हलका गियर २८ भागिले २८, म्हणजे एका फेरीत २ मीटर. नवा ३२ भागिले ४२, म्हणजे जेमतेम दीड मीटर. चढावर पाय हलका चालतो तो यामुळे. उलट सपाटीवर जुना ४६ भागिले १३ म्हणजे सात मीटरच्या वर जाई. नवा ३२ भागिले ११ म्हणजे सहा मीटर. थोडा वेग गेला, पण चढ मिळाला. शिवाय पुढची दांडी, वायर आणि दोन चक्रे गेली, म्हणजे बिघडण्याच्या जागाही कमी झाल्या.

नवे मागचे चाक मात्र सरळ बसले नाही. जुन्या सांगाड्यातील मागची जागा १३० मिलिमीटर, नव्या चाकाला १३५ हवी. सांगाडा पोलादी असेल तर जाणता कारागीर तो दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर फाकवून पुन्हा सरळ करून देतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर हा प्रयोग कधीही करू नये, तो तडकतो.

आणखी एक गंमत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. उजवे पॅडल नेहमीसारखे उघडते. डावे उघडायला पाना उलटा फिरवावा लागतो. बाबा अर्धा तास जोर लावून ते घट्टच करत होते!

काय बदलले नाही? सांगाडा, पुढचा चिमटा आणि सीट. नवा उंच स्प्रिंगचा चिमटा लावला तर पुढचा भाग उचलला जातो, वळणे बिघडतात आणि सांगाड्यावर भलताच ताण येतो. त्याऐवजी टायर जाड घेतले आणि हवा थोडी कमी ठेवली. बाकी धक्के सोसायला गुडघे आणि कोपरे सैल ठेवायची. स्प्रिंग आपल्या अंगातच असते.

चालवायला सुरुवात आम्ही आयर्न हॉर्स ट्रेलवर केली. जुन्या रेल्वेमार्गावरची ही वाट १९९७ साली खुली झाली. ती बरीचशी सपाट आहे. हात बसल्यावर पीटर्सबर्गजवळच्या हायड्रोकटवर गेलो. 'हायड्रो' म्हणजे ओंटॅरिओत वीज. तिथल्या जंगलातील वाटा वॉटर्लू सायकलिंग क्लबचे स्वयंसेवक राखतात. पाऊस पडून गेल्यावर तिथे जाऊ नये. ओल्या मातीत चाकांच्या चऱ्या पडतात आणि वाट खराब होते. आणि हेल्मेट? ओंटॅरिओत अठरा वर्षांखालील सर्वांना १९९५ पासून ते सक्तीचे आहे. आम्ही मोठेही घालतो.

त्याच उतारासारख्या एका उतारावर मोठीने दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी थांबली. ती मागे वळून म्हणाली, "बाबा, पण आता ही तुमची सायकल राहिली का हो?" बाबांना लगेच उत्तर सुचले नाही. उत्तर दिले आजीने, फोनवरून. ती म्हणाली, "अगं, पितळेच्या पातेल्याला दर वर्षी कल्हई करत होतो. म्हणून पातेले दुसरे झाले का? कल्हई नसती केली, तर त्यात कोणी जेवण केले असते का?"

घरी करून पाहा: एक पट्टी घ्या आणि सायकलच्या चेनवर धरा. एका खिळ्याच्या मध्यापासून, तो खिळा सोडून, मोजत पुढच्या चोविसाव्या खिळ्याच्या मध्यापर्यंत या. अंतर बरोबर १२ इंच असेल तर चेन चांगली. एक सोळांश इंच जास्त भरले, तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश भरले, तर मागची चक्रेही झिजली असणार. मोजमाप वहीत मराठीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा. आपण सर्वांची तुलना करू.