डिस्चार्जनंतरचं बिल

“ऑपरेशन झालं ना, सुटलात!” भेटायला येणारा प्रत्येकजण हेच म्हणत होता. आम्हालाही तसंच वाटत होतं. शहात्तर वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. कृत्रिम सांधा बसवला. ह्यांची उद्यमबागेतली नोकरी, कंपनीचा मेडिक्लेम, त्यामुळे हॉस्पिटलचं बिल बरंचसं भागलं. सहाव्या दिवशी रिक्षाने शहापूरला घरी आणलं आणि खरा खर्च त्या संध्याकाळी सुरू झाला.

खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. म्हणजे कमोडची खुर्ची हवी. पलंग उंच हवा, वॉकर हवा. ह्या सामानाला ६,२०० रुपये गेले. अनामत रक्कम ठेवून वॉकर, व्हीलचेअर वापरायला देणाऱ्या संस्था असतात, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा पावती फाटून झाली होती! डायपर ४,७००. औषधं आणि तपासणीच्या फेऱ्या ८,०००. दिवसा मदतीला येणाऱ्या मावशींना रोजचे ५०० प्रमाणे पंचेचाळीस दिवसांचे २२,५००. त्या एक दिवस आल्या नाहीत की घराचं सगळं तंत्र बिघडायचं, तेव्हा हे पैसे जास्त होते असं मी म्हणणार नाही.

फिजिओथेरपिस्ट मुलगी कन्नड बोलणारी. “अज्जी, सावकाश,” ती म्हणायची. तो शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे सासूबाईंना ती पहिल्याच दिवशी आपली वाटली. चोवीस वेळा आली, दर वेळचे ४०० रुपये.

आता विम्याचं. बहुतेक पॉलिसींत घरी आल्यानंतरच्या साठ दिवसांचा औषधं-तपासण्यांचा खर्च मिळतो. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’तही तो आहे. आयुष्मान भारत योजनेत ही मुदत पंधरा दिवसांची. मात्र वॉकर, डायपर, मदतनीस बाई ह्या गोष्टी विमा कंपन्यांच्या ‘न मिळणाऱ्या’ यादीत नावानिशी असतात. म्हातारं माणूस घरी ज्यांच्या आधारानं उभं राहतं, नेमक्या त्याच!

फिजिओथेरपीचे पैसे मिळू शकतात, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर. आमच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘व्यायाम करावा’ असं होतं. हॉस्पिटलात कुणी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दहा फेऱ्या झाल्यावर चिठ्ठी आणली. आधीचे ४,००० बुडाले, पुढच्या चौदा फेऱ्यांचे मिळाले. तुमच्या घरी कुणी ॲडमिट असेल, तर फिजिओथेरपी किती दिवस आणि आठवड्यातून किती वेळा, हे निघण्यापूर्वी कार्डावर लिहून घ्या. औषधांच्या पावत्यांवर रुग्णाचं नाव पडलंय ना, तेही बघा. आमच्या दोन पावत्या त्यापायी परत आल्या.

हे सगळं मी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवलं होतं. बेरीज ५१,००० झाली. ह्यांनी आकडा पाहिला आणि गप्प बसले. तेवढ्यात धाकट्या जाऊबाई चहा घेऊन आल्या, आणि मला एकदम आठवलं. त्या घरी ब्लाऊज शिवतात, महिन्याला पाच-सहा हजार सुटतात. दिवाळीच्या तोंडावर दोन महिने मशीनवर कापड टाकून ठेवलेलं होतं. रात्री सासूबाईंना उठवणं, बसवणं, पुसणं सगळं त्यांच्याकडे. हा आकडा माझ्या बेरजेत नव्हताच. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं.

“वहिनी, असं कुठं लिहितात का?” त्या हसून म्हणाल्या. पण मी लिहिलं. मग ह्यांनी आणि दीरांनी बसून ठरवलं, विम्याचे पैसे येतील त्यातले निम्मे त्यांच्या खात्यावर टाकायचे. दीरांनी आधी थोडी कुरकुर केली, ते असो.

सासूबाई आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. मशीन पुन्हा खिडकीशी लागलंय. गेल्या आठवड्यात पहिला ब्लाऊज झाला, त्याला हूक सासूबाईंनी लावून दिले.