एकीनं शिकायचं, बाकीच्यांना सांगायचं

बरण्या टिकवण्यासाठी वापरतात त्या प्रेशर कॅनरचा काटा तपासून घ्यायचा तो खरं तर उन्हाळ्यात, घेवड्याच्या शेंगा तोडणीला येण्याआधी. पण कामाच्या रगाड्यात राहून जातं. मग सप्टेंबर उजाडला, की केंटकीच्या खेड्यांतल्या काही बायका ते जाडजूड झाकण गाडीत शेजारच्या सीटवर ठेवतात आणि काउंटीच्या मुख्य गावातलं एक्स्टेन्शन ऑफिस गाठतात. तिथे झाकणावरचा काटा खात्रीच्या काट्याशी ताडून पाहतात. दोन पौंडांहून जास्त फरक निघाला, तर काटा बदलायचा. काम पाच-दहा मिनिटांचं. पण आलेली बाई लगेच परत जात नाही. थंडीच्या आधीच्या तीन महिन्यांत काय काय ठरलंय, याचा कागद तिथे लावलेला असतो. तो ती उभ्याउभ्या वाचते, दोन तारखा टिपून घेते, आणि तिथेच भेटलेल्या मैत्रिणीला विचारते, "या वेळी धडा शिकायला तुमच्यातून कोण येतंय?"

हा 'धडा' म्हणजे तिथल्या गृहिणींच्या होममेकर्स क्लबचा प्राण. त्याविषयी सांगायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेतलं केंटकी राज्य महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. त्यात १२० काउंट्या. भागाकार केला तर एक काउंटी आपल्या सरासरी तालुक्याएवढीच भरते. म्हणून मी मनातल्या मनात काउंटीला तालुकाच म्हणते. प्रत्येक तालुक्याला विद्यापीठाचं एक ऑफिस. त्यात शेतीचा माणूस एक, आणि घरसंसाराच्या शास्त्राची जाणकार बाई एक. पगार केंद्र, राज्य आणि काउंटी मिळून देतात. ही व्यवस्था उभी राहिली ती ८ मे १९१४ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सही केलेल्या स्मिथ-लिव्हर कायद्यातून. शेतकी विद्यापीठं १८६२ च्या कायद्यानं आधीच निघाली होती. पण तिथलं ज्ञान तिथेच राहत होतं. ते गोठ्यापर्यंत आणि चुलीपर्यंत न्यायचं, हे १९१४ मध्ये ठरलं.

चुलीपर्यंतची वाट मात्र त्याआधीच एका शिक्षिकेनं पाडली होती. दक्षिण कॅरोलिनातल्या एकन काउंटीत १९१० साली मेरी क्रोमर यांनी मुलींचा टोमॅटो क्लब काढला. मुलीनं एकराचा दहावा भाग, म्हणजे आपल्या हिशेबात चार गुंठे, लावायचे; टोमॅटो स्वतः पिकवायचे, डब्यात भरायचे आणि विकायचे. पैसा तिचा. मुलींच्या मागोमाग आया आल्या आणि त्यांचे क्लब झाले. केंटकीतल्या क्लबांचा राज्य पातळीवरचा संघ १९३२ चा. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, तिच्यातल्या ग्रामसेविका याच जातकुळीच्या. कृषी विद्यापीठांतला 'विस्तार शिक्षण' हा शब्दही 'एक्स्टेन्शन'चाच तर्जुमा.

या कहाणीला एक काळी बाजू आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या बायकांचे क्लब वेगळे आणि काळ्या बायकांचे वेगळे. काळ्या प्रशिक्षिकांना पगार कमी, साधनं कमी, फिरायचा मुलूख मात्र मोठा. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आल्यावर कागदावरची ही फाळणी मोडायला लागली. जुन्या क्लबांचं कौतुक करताना हे विसरता येत नाही.

आता धडा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सप्टेंबरात क्लब पुन्हा भरू लागतात. काउंटीत असे क्लब बरेच असतात, कुणाच्या वाडीचा, कुणाच्या चर्चजवळचा. ऑफिसातली एकटी बाई प्रत्येकीकडे जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक क्लबानं एक-दोन जणी ऑफिसात पाठवायच्या. त्या धडा शिकतात, कागद घेतात, आणि आपल्या क्लबाच्या बैठकीत तोच धडा बाकीच्यांना देतात. विषय काहीही असेल: रक्तदाब, मृत्युपत्र, घरातले निसरडे जिने, उरलेल्या अन्नाची साठवण, वीजबिल. विद्यापीठातल्या तज्ज्ञाचं म्हणणं तीन हातांतून जाऊन शेवटच्या बाईला तिच्या शेजारणीच्या तोंडून ऐकायला मिळतं. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. तज्ज्ञाचं ऐकून आपण मान डोलावतो, शेजारीण सांगते तेव्हा घरी जाऊन करून बघतो.

बैठकीची हजेरीही मजेची. नाव पुकारल्यावर नुसतं 'हजर' म्हणायचं नाही. त्या महिन्याचा एक प्रश्न असतो आणि प्रत्येकीनं त्याचं एका वाक्यात उत्तर द्यायचं. संसारात पहिली घेतलेली वस्तू कोणती? या थंडीसाठी काय साठवलं? आपल्याकडे हळदीकुंकवाला उखाण्याचा आग्रह होतो ना, तसंच. गप्प बसणारीलाही तोंड उघडावं लागतं. मग धडा, हिशेब, आणि प्रत्येकीनं घरून करून आणलेला एकेक पदार्थ.

सप्टेंबर हा बरण्या भरण्याच्या हंगामाचा शेवट. इथे जरा थांबते, कारण हे प्रकरण मला स्वानुभवानं ठाऊक आहे. एका हिवाळ्यात स्वस्त मिळाले म्हणून मी मटार काचेच्या बरणीत भरले, बरणी पातेल्यात तासभर उकळली आणि झाकण घट्ट लावून ठेवून दिली. तीन आठवड्यांनी झाकण फुगलं. वर मी उघडून वास घेऊन बघितला, ही दुसरी चूक. क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू पाणी उकळतं त्या शंभर अंशांना मरत नाहीत. बरणीत हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्यांना हवं तसं घर. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. कधी कधी त्याला वासही येत नाही.

म्हणून क्लबातल्या बाईला पाठ असलेला आकडा आहे ४.६. पदार्थाचा पीएच त्याहून खाली, म्हणजे पुरेसा आंबट असेल, तर उकळत्या पाण्यात बरणी ठेवून भागतं: जॅम, लोणचं, सफरचंद. वर असेल तर प्रेशर कॅनरला पर्याय नाही, कारण सुमारे ११६ अंश उष्णता त्यातच मिळते. शेंगांची क्वार्ट बरणी, म्हणजे लिटरला थोडी कमी, २५ मिनिटं. त्याआधी १० मिनिटं वाफ मोकळी सोडायची, मगच वजन ठेवायचं. समुद्रसपाटीपासून २००० फुटांपर्यंत काटा ११ पौंडांवर, त्याच्या वर १२. पूर्वेकडच्या डोंगरात राहणारीला हा फरक लक्षात ठेवावा लागतो. सुरुवातीला काटा तपासायला ती का आली होती, ते आता कळलं असेल.

टोमॅटो बिचारे सीमेवरचे. आपल्याला ते आंबट वाटतात, पण काही जातींचा आंबटपणा बेताचा असतो. म्हणून क्वार्टमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालायचा, आणि तोही बाटलीतला. ताज्या लिंबाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारखीला हे आधी पटेना. कारण साधं आहे: झाडावरचं प्रत्येक लिंबू सारखं आंबट नसतं, बाटलीतल्या रसाचा आंबटपणा ठरलेला असतो. बरण्या बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या, की गार होताना एकेक झाकण 'टक्' करून आत बसतं. बायका पाठमोऱ्या काम करता करता ते मोजतात. सात बरण्या, सात टक्. सहाच झाले, तर सातवी फ्रिजमध्ये, आधी संपवायची.

कॅनर घरोघर येण्याआधी डोंगरातल्या बायका शेंगा सुई-दोऱ्यात ओवून ओसरीवर माळा टांगत. कडकडीत वाळल्या, की थंडीत रात्रभर भिजवून डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर तासन् तास शिजवायच्या. 'शकी बीन्स' हे त्यांचं नाव. आज हेही शिकवायला कुणीतरी लागतं, कारण नातीला सुई ओवता येत नाही. सांडगे आणि गवारीच्या वाळवणाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

पण मला खरा धक्का दिला तो काकवीनं. सप्टेंबर-ऑक्टोबरात केंटकीत ठिकठिकाणी गुऱ्हाळं लागतात आणि ती उसाची नसतात, ज्वारीची असतात! गोड ताटांची ज्वारी चरकात पिळायची, हिरवट रस लांबट उथळ काईलीत आटवायचा, वर येणारी मळी सारखी काढत राहायची. सुमारे दहा गॅलन रसाची एक गॅलन काकवी. पूर्वी चरक खेचराला जुंपत. मॉर्गन काउंटीतल्या वेस्ट लिबर्टी गावी सप्टेंबरअखेर या काकवीची जत्रा भरते. लोणी आणि गरम बिस्किटांबरोबर, म्हणजे त्यांच्या मऊ खारट पावांबरोबर, ती खातात. आपण ज्वारीचं राज्य. लहानपणी शेतात गोड ताट चघळलेलं आपल्यातल्या कितीजणांना आठवत असेल. पण काकवी करायचं आपल्याला सुचलं नाही, असं मी म्हणणार होते, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची आठवण झाली. त्यांनी 'मधुरा' नावाची गोड ज्वारी तयार केली आणि तिचा पाकही करून दाखवला. तो आपल्या घराघरांत पोचला नाही एवढंच.

ऑक्टोबर हा क्लबांचा मिरवायचा महिना. त्यांचा राज्यभराचा खास सप्ताह या महिन्यात येतो, शेजारपाजारच्या काउंट्यांची वार्षिक सभाही बहुधा याच सुमाराला. टेबलांवर हस्तकला मांडलेली असते, आणि मानाची जागा गोधडीची. त्यांची गोधडीही तीन थरांची: वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मधे कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांतून जाणारा धावदोरा. फरक एवढा, की आपली आजी तुकडे मिळतील तसे जोडत गेली, आणि यांनी प्रत्येक नक्षीला नाव दिलं: ओहायो तारा, लाकडी झोपडी, लग्नाच्या जोड-अंगठ्या. १९३० च्या मंदीत पिठाच्या आणि कोंड्याच्या सुती पोत्यांवर कंपन्या फुलं छापू लागल्या, कारण बायका त्यांचे फ्रॉक शिवत आणि उरलेलं गोधडीत जाई. त्याच काळाच्या शेवटाला, १९४० मध्ये, सरकारकडे कापूस पडून होता. गरीब कुटुंबांना पन्नास पौंड कापूस आणि दहा वार कापड दिलं गेलं, आणि गाद्या कशा भरायच्या ते एक्स्टेन्शन ऑफिसांतल्या गृहप्रशिक्षिकांनी शिकवलं. खेड्यांतली कितीतरी घरं त्या वर्षी पहिल्यांदा नीट गादीवर झोपली.

हल्ली गोधडी भिंतीवरही चढली आहे. ओहायोतल्या ॲडम्स काउंटीत २००१ साली डॉना स्यू ग्रोव्हज यांनी आईच्या गौरवासाठी कोठारावर गोधडीची नक्षी रंगवून घेतली आणि ते लोण केंटकीत आलं. आठ फूट लांबीरुंदीच्या फळीवर एकच चौक रंगवायचा आणि तंबाखूच्या काळपट कोठारावर ठोकायचा. क्लबांनी हे काम उचलून धरलं. शरदात तंबाखूची पानं आत वाळत टांगलेली असतात, आणि बाहेर हा लाल-पिवळा चौक रस्त्यावरून लांबवर दिसतो.

क्लबांचा पैसा कुठे जातो, तेही सांगायला हवं. १९७० च्या दशकापासून केंटकीच्या या बायका अंडाशयाच्या कर्करोगावरच्या संशोधनाला पैसे देत आल्या आहेत, माणशी डॉलर-डॉलर करत. केंटकी विद्यापीठात १९८७ पासून सोनोग्राफीनं विनामूल्य तपासणी होते: पन्नाशीच्या पुढच्या बायकांची, आणि घरात कुणाला तो रोग झाला असेल तर पंचविशीपासून. ही तपासणी संशोधनाचा भाग आहे. काही क्लब शरदात गाड्या भरून बायकांना विद्यापीठाच्या गावी, लेक्सिंग्टनला, तपासणीसाठी घेऊन जातात. दुसरी छोटी रक्कम जगभरच्या ग्रामीण स्त्रियांच्या संघाला जाते. तो १९३३ मध्ये स्टॉकहोमला स्थापन झाला, आणि त्याची त्रैवार्षिक परिषद २०१३ मध्ये चेन्नईत भरली होती. बैठकीत डबा फिरतो, त्यात सुटी नाणी टाकायची.

नोव्हेंबरात दिवस लहान होतात, रस्त्यावर हरणं आडवी येतात, तेव्हा संध्याकाळच्या बैठका दुपारी घेतलेल्या बऱ्या. विक्रीचा बाजार भरतो: जॅम, केक, विणलेले मोजे. आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीचा हमखास धडा टर्कीचा. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये ठेवून वितळवायची, दर चार-पाच पौंडांना एक दिवस. सण गुरुवारी, पक्षी पंधरा पौंडांचा, म्हणजे तो रविवारीच खाली काढायला हवा. दरवर्षी कुणीतरी बुधवारी रात्री काढते आणि ऑफिसला फोन करते.

या क्लबांत आज पांढरे केस जास्त दिसतात. नोकरी करणाऱ्या मुलींना सकाळी दहाची बैठक कशी जमणार? अशा क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९२ मध्ये नावातून 'होममेकर' शब्द काढून टाकला. केंटकीनं ठेवला. मला केंटकीचं पटतं. सभासदांत निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, पुरुषांनाही मज्जाव नाही. घर तर सगळ्यांनाच चालवावं लागतं. ज्यांना बैठकीला येणं जमत नाही, त्यांना घरबसल्या टपालानं सभासद होता येतं.

दिवाळी याच दिवसांत येते. तुमच्यापैकी काहीजण या सुमाराला मुला-नातवंडांकडे तिकडे असतील आणि दुपार जाता जात नसेल. राज्य कुठलंही असो, आपल्या काउंटीचं एक्स्टेन्शन ऑफिस शोधा आणि पुढचा धडा कधी आहे ते विचारा. सोबत घरची एखादी जुनी गोधडी न्या, उलटीसुलटी करून टाके मोजतील. लोणच्याची बरणी नेलीत, तर पीएच किती म्हणून विचारतील, एवढी तयारी ठेवा.