खो-खोसाठी शरीर कसे घडते

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा आपल्याही मुलाला खो-खोला घालावे असे वाटणे साहजिक आहे. मात्र रोज मैदानाला फेऱ्या मारल्या की तयारी झाली, असे समजू नये. तंदुरुस्तीचे घटक अनेक आहेत आणि प्रत्येकाचा सराव निराळा असतो.

सुरुवात दमसासापासून, म्हणजे न थकता हालचाल करत राहण्याच्या क्षमतेपासून करावी. पहिले काही आठवडे बेताच्या वेगाने धावणे पुरे. पुढे मात्र थोडे जोरात, थोडे हळू असे आलटून पालटून धावावे, कारण सामन्यात दम असाच तुटतो. दोन धावांमध्ये श्वास किती लवकर जागेवर येतो, इकडे लक्ष ठेवावे.

मग ताकद. पाटीवर बसलेला खेळाडू उकिडव्या स्थितीतून उसळतो. तो जोर मांड्यांतून आणि नितंबांतून येतो. बैठका आणि छोट्या उड्या यासाठी पुरेशा आहेत. नेहमीची चूक होते ती उडीनंतर जमिनीवर येताना: गुडघे आत वळतात. समोर उभे राहून पाहा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा, आणि पाय टेकल्याचा आवाज जितका कमी तितके चांगले. हे जमल्याशिवाय खांबावर सूर मारायला शिकवू नये. मुलींच्या बाबतीत तर जास्तच जपावे, कारण त्यांच्यात गुडघ्याच्या अस्थिबंधाला, म्हणजे हाडे जोडणाऱ्या पट्ट्याला, इजा होण्याचे प्रमाण अधिक असते.

वेगाचा सराव ताज्या पायांनीच करावा, थकल्यावर नाही. अंतर १५-२० मीटर, धाव पूर्ण जोराची आणि मध्ये भरपूर विश्रांती. विश्रांती म्हणजे आळस, असे मानून ती कापली की सराव दमसासाचा होतो आणि वेग तिथेच राहतो.

चपळाई म्हणजे तोल न जाता झटकन दिशा बदलणे. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा सोडता येत नाही, बसलेल्यांच्या मधूनही जाता येत नाही. पळणाऱ्याला दोन्हींची मोकळीक असते, आणि तिचा फायदा तो चपळ असेल तरच. साखळी खेळताना, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळताना, वळणाआधी पावले लहान करायला आणि कंबर खाली घ्यायला शिकवा.

प्रतिक्रियेसाठी मुलाला पाटीवर बसवा, मागे उभे राहा, पाठीला स्पर्श करून ‘खो’ म्हणा. दर वेळी सारखेच थांबलात तर मूल अंदाजाने उठू लागते, आणि खो मिळण्याआधी उठणे म्हणजे फाऊल. म्हणून कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने खो द्या.

स्नायू ताणून बराच वेळ धरण्याचे व्यायाम सरावानंतर करावेत. आधी केले तर जोर तात्पुरता कमी होतो. आधी हलके धावणे आणि पाय झुलवणे पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या असतील तर उड्या आणि सूर बंद ठेवून फक्त खो देण्याघेण्याचा सराव घ्यावा.