पाण्यात उभे पीक तहानलेले का?

दौंड तालुक्यासारख्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस बहरला, परंतु निचऱ्याअभावी काही शिवारे क्षारपडही होतात. अशा जमिनीत माती ओली असते, तरी कोवळ्या उसाची पाने कडेने करपतात. पाणी असून पीक तहानलेले का, हा प्रश्न वरवंडच्या शेतकरी पालकांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर पेशीच्या उंबरठ्यावर मिळते.

प्रत्येक पेशीभोवती सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे, मुख्यतः मेद व प्रथिने यांचे पटल असते. ते निवडक्षम असते. प्राणवायू त्यातून सहज पार होतो. मीठ व साखर यांना मात्र प्रथिनांच्या वाटा लागतात. पाण्यासाठीही अशा खास वाटा आहेत. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पाणी पटलातून ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. वर्गात आम्ही मनुके साध्या पाण्यात भिजवतो, ते फुगतात. काकडीच्या फोडींना मीठ लावतो, त्यांना पाणी सुटते. नियम एकच आहे.

मुळांतील रस एरवी मातीतील पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येते. मातीत क्षार साचले की ही ओढ मंदावते, प्रसंगी उलटतेही. अशा वेळी नुसते पाणी वाढवले तर भूजल वर येते, त्याची वाफ होते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. म्हणून आधी चर काढून निचरा साधावा आणि वाफसा पाहूनच पाणी द्यावे.

हाच नियम घरातही जीव राखतो. जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात. आतड्याच्या पेशींत एक प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेते आणि पाणी त्यांच्यामागे जाते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. तेथे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

जलसंजीवनीचे पाकीट नसेल, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि थोडे थोडे पाजावे. मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. मात्रा मात्र अंदाजाने वाढवू नये. द्रावण फार दाट झाले तर ते शरीरातीलच पाणी आतड्यात ओढून घेते. शेतातील क्षार असो वा पेल्यातील मीठ, पाणी कोणत्या बाजूस जाईल हे मात्राच ठरवते. एवढे ध्यानी ठेवले, तर वर्गात भिजवलेले मनुके आमच्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर उपयोगी पडतील.