मांजराचा दात आणि म्हशीचा गळा

मंडळी, मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. मी पशुवैद्य नव्हे, की डॉक्टरही नव्हे. तरी आज जनावरांच्या जंतुरोगांविषयी चार शब्द सांगणार आहे. त्याला कारण आमच्या घरची मांजर.

गेल्या श्रावणात ती एका बोक्याशी भांडून घरी आली. अंगावर जखम म्हणावी तर दिसेना. तीन दिवसांनी मात्र गालावर लिंबाएवढी सूज आली, खाणे सुटले, आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसू लागली. मी ते गळू दाबून पाहायला गेलो, तशी ती माझ्या अंगठ्याला कडकडून चावली. रक्ताचे दोनच थेंब आले. मी त्यावर हळद दाबली आणि झोपलो. पहाटे पाहतो तो हात मनगटापर्यंत सुजलेला, आणि ठणका असा की मूठ मिटेना!

डॉक्टरांनी रेबीजच्या लशीची व्यवस्था केली, सुजेवर औषध सुरू केले आणि म्हणाले, "ही बहुधा पाश्चुरेलाची करणी." हे नाव ऐकताच मी चमकलो. कारण तेच नाव मी पूर्वी एकदा ऐकले होते, आमच्या गावी, एका मेलेल्या म्हशीपाशी.

ती हकीकत पुढे सांगतो. आधी हा जंतू कोण ते पाहू. पाश्चुरेला मल्टोसिडा हे त्याचे पूर्ण नाव. बहुतेक धडधाकट मांजरांच्या तोंडात तो असतोच, आणि मांजराला त्याचा काही त्रास नसतो. परंतु मांजराचा दात म्हणजे सुईच. तो खोल जातो, भोक मात्र बारीक पडते. वरची कातडी लगेच मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. दुसऱ्या मांजराच्या अंगात मग दोन-चार दिवसांत गळू धरते. माणसाचा हात तर एका दिवसातच सुजतो. म्हणून कुत्र्याच्या मोठ्या जखमेपेक्षा मांजराची बारीक जखम कधीकधी अधिक फसवी ठरते.

आता आपण विचाराल, याचा म्हशीशी काय संबंध? संबंध असा की, याच जंतूच्या दुसऱ्या एका प्रकारामुळे गाईम्हशींना घटसर्प होतो. कुळी एक, घराणी निराळी. मांजर चावल्याने म्हशीला घटसर्प होत नाही, हे ध्यानात असू द्या. तसेच लहान मुलांना होणारा घटसर्प हा अगदी वेगळा रोग आहे. नाव तेवढे एक.

घटसर्पाचे जंतू काही निरोगी जनावरांच्या घशात दबा धरून असतात. उन्हाळ्यात चारा कमी, त्यात मृगाचा पाऊस अंगावर, वर पेरणीच्या कामाचा ताण. जनावर थकले की जंतूंचे फावते. ताप एकदम चढतो, तोंडातून लाळ गळते, गळा सुजतो, श्वास घरघरतो. कित्येकदा एका दिवसाच्या आत खेळ आटोपतो. गाईपेक्षा म्हशीला याची बाधा अधिक.

आमच्या गावी असेच झाले. शेजारच्या काकांकडे एकच म्हैस होती, आणि तिच्या दुधावर दोन मुलांचे शिक्षण चालले होते. वैशाखात लस टोचणारे लोक आले, तेव्हा काकांनी म्हैस मुद्दाम रानात नेली. का, तर टोचल्यावर दोन दिवस दूध कमी होते! आषाढात एका संध्याकाळी म्हशीने वैरण सोडली. उजाडेपर्यंत ती गेली. पशुवैद्य आले ते पंचनाम्यालाच. थोरल्या मुलीची शाळा त्या वर्षी सुटली. दोन दिवसांच्या दुधाचा हिशेब केवढ्याला पडला पाहा.

या लशीचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. १८७९ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करीत होते. तो कॉलराही याच जंतूचा. बरेच दिवस पडून राहिलेले जंतू टोचले, तेव्हा कोंबड्या थोड्या आजारी पडल्या, पण मेल्या नाहीत. पुढे ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या तगल्या. दुबळा केलेला जंतूच शरीराला लढायला शिकवतो, हे त्यातून उमगले. पाश्चरांच्या सन्मानार्थच जंतूला पाश्चुरेला हे नाव मिळाले. आपल्याकडे जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

मग करायचे काय? घटसर्पाची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ढग जमल्यावर धावपळ उपयोगाची नाही. ताप चढताच आजारी जनावर वेगळे बांधा आणि पशुवैद्याला बोलवा. गळा सुजल्यावर औषध क्वचितच लागू पडते. अचानक मेलेले जनावर फाडू नका, सोलू नका. ती फाशी असेल, तर तिचे बीज त्या मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि माणसालाही बाधते. औषध चालू असलेल्या जनावराचे दूध पशुवैद्य सांगतील तितके दिवस वापरू नका. औषधाचा क्रम अर्ध्यावर सोडू नका, नाहीतर उरलेले जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत.

मांजर किंवा कुत्रे चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज हा जंतूंचा नव्हे, विषाणूचा रोग. एकदा लक्षणे दिसली की त्यातून माणूस जवळजवळ वाचत नाहीच. आणि एक सांगतो: आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. तिला ती विषासमान आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात लस टोचणारे कधी येणार, ती तारीख चार दिवस आधी फळ्यावर लिहा. मुले ती घरी नेतील. काकांच्या गोठ्यात आता दुसरी म्हैस आहे, आणि वैशाख आला की ते स्वतःच तिला घेऊन पुढे उभे राहतात.