गुलाबाचे धनी, तळ्यांचे वारसदार

दक्षिण बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात, पाच पाकळ्यांचा लाल गुलाब जागोजागी दिसतो. किल्ल्यांच्या भिंतींवर, मठांत, गावांच्या मानचिन्हांवर. ही रोझम्बेर्क घराण्याची खूण. १३०२ मध्ये क्रुम्लोवचा किल्ला त्यांच्याकडे आला आणि पुढची तीनशे वर्षे या मुलखात त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते.

हे वजन नुसत्या तलवारीचे नव्हते. पंधराव्या शतकात घराण्यातल्या दुसऱ्या ओल्ड्रिखने हुसाइट धर्मयुद्धांच्या धामधुमीत मठांच्या जमिनी गिळल्या आणि हक्क शाबीत करायला बनावट सनदा तयार करवल्या. रोमच्या ओर्सिनी घराण्याशी नाते असल्याचा दावाही याच काळातला. त्याची मुलगी पेर्ख्टा हिने सासरचा जाच सांगणारी पत्रे माहेरी धाडली. ती पत्रे आजही जपलेली आहेत. सनदांपेक्षा मला तीच खरी वाटतात.

या घराण्याची खरी करामत मात्र पाण्यात आहे. त्रशेबोन गावाभोवतीच्या दलदलीत त्यांच्या कारभाऱ्यांनी तळी खोदली आणि त्यांत कार्प मासा वाढवून विकला. श्टेपानेक नेटोलित्स्कीने ‘सोनेरी कालवा’ काढून तळ्यांना पाणी पुरवले. पुढे याकुब कर्चीनने १५८४ ते १५९० या काळात रोझम्बेर्क तलाव बांधला. त्याचा मातीचा बांध दोन किलोमीटरहून लांब आहे.

कर्चीनचा मालक, रोझम्बेर्क घराण्यातला विलेम हा प्रागचा सर्वोच्च बुर्ग्राव्ह, राजाखालोखालचा मानकरी. त्याने चार लग्ने केली, पण मूल झाले नाही. थाटमाटापायी कर्ज मात्र साचले. १५९२ मध्ये तो गेल्यावर सारा भार धाकटा भाऊ पेत्र वोक याच्यावर पडला. त्याने क्रुम्लोव सम्राट दुसऱ्या रुडॉल्फला विकले आणि हजारो ग्रंथांसह त्रशेबोनला मुक्काम हलवला. १६११ मध्ये पासाऊच्या भाडोत्री फौजेने प्रदेश लुटायला घेतला, तेव्हा तिची थकबाकी भागवायला त्याने घरची चांदी वितळवून नाणी पाडली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तो वारला. त्यालाही मूल नव्हते, वंश तिथेच खुंटला. ग्रंथ प्रागला गेले आणि १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने ते लुटून नेले.

कर्चीनचा बांध मात्र टिकला. २००२ च्या महापुरात तलावाने एरवीच्या कितीतरी पट पाणी पोटात घेतले आणि खालच्या गावांवरचे संकट हलके केले.