दहा मिलिमीटरचा शौक

आधी कबुली देतो. मला स्पेसर घ्यायचे होते ते निव्वळ लुकसाठी! ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या स्विफ्टशेजारी टीममधल्या एकाची गाडी लागायची. तिची चाकं कशी मडगार्डच्या कडेला येऊन टेकलेली, एकदम सॉल्लिड! आणि माझी? आत गेलेल्या गालांसारखी. नवे अलॉय घ्यायचे तर ईएमआयचं टेन्शन. मग शोध लागला स्पेसरचा. चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती, बस्स.

नाना पेठेतल्या एका दुकानात शनिवारी दुपारी गेलो. पोऱ्यानं गाडीचं मॉडेलसुद्धा धड विचारलं नाही. ‘दहा एमएम टाकून देतो साहेब, बेस्ट दिसेल.’ वीस मिनिटांत मागची दोन चाकं बाहेर आली. दिसत होती झकास. खोटं कशाला बोलू!

पुढच्या रविवारी आईला घेऊन एक्स्प्रेस-वेनं मुंबईला निघालो. ऐंशीच्या पुढे काटा गेला की मागून थरथर. मी गाण्याचा आवाज वाढवला. आई मागच्या सीटवरून म्हणाली, ‘अरे, माझ्या पायाखाली काहीतरी हलतंय.’ वेग कमी करत पेट्रोल पंप गाठला, पाना लावला, तर एक नट चक्क सैल. उरलेले घट्ट केले तेव्हा माझेच हात थरथरत होते. तिथून परत फिरलो, तेही डाव्या लेनमधून, चाळीसनं.

कोथरूडच्या आमच्या मिस्त्रीकाकांनी चाक उतरवलं, नट हातानं फिरवला आणि मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार. संपलं.

‘आधी किती फेरे घ्यायचा?’

‘मोजलेच नव्हते, काका.’

‘बारा. दहा एमएमची चकती घातलीस, आठ फेरे गेले. चार आट्यांवर आईला घेऊन निघालास?’

हिशेब साधा आहे, पण दुकानात कुणी सांगत नाही. स्विफ्टचे स्टड १२ मिमी जाडीचे, एका फेऱ्याला नट १.२५ मिमी पुढे सरकतो. नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी आत जायला हवा, म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. माझ्या गाडीच्या मूळ स्टडवर त्यामुळे फार तर ३ मिमीचा स्पेसर चालला असता, आणि तो लावलाय हे फक्त मलाच कळलं असतं! त्यापुढे जायचं तर लांब स्टड घ्या. नाहीतर २० मिमीच्या पुढचे, स्वतःचे स्टड असलेले स्पेसर येतात. तेही घेताना मूळ स्टडची टोकं चकतीबाहेर आली तर अलॉयच्या मागे त्यांना खाचा आहेत का, हे आधी बघा. पोलोवाल्यांनो, तुमच्याकडे स्टड नाहीत, बोल्ट आहेत. तुम्हाला लांब बोल्टच लागतील.

थरथरीचं कारण वेगळंच निघालं. हबच्या मध्यभागी एक उंच कडं असतं, स्विफ्टला ५४.१ मिमीचं. चाक त्यावर बसून मधोमध राहतं. माझ्या सपाट चकतीनं ते कडंच झाकलं होतं! म्हणजे घेताना स्पेसरला स्वतःचं कडं हवं, आतलं भोक ५४.१ चं हवं, नटांची मांडणी ४ x १०० हवी. ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं दिसलं की दुकानातून बाहेर पडा. आणि दोन पातळ चकत्या एकावर एक? विचारूसुद्धा नका.

एवढं होऊनही माझा शौक गेला नाही हो. काकांनी कपाळावर हात मारला, पण मागच्या चाकांना १० मिमी लांब स्टड बसवून दिले. अख्खा शनिवार गेला. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला, कारण खाली जरा कचरा राहिला तर चकती तिरकी बसते. नट समोरासमोर, चौफुलीसारखे आवळले. शेवटचा जोर गाडी जॅकवरून खाली घेतल्यावर, टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच. नंतर चार मित्र कोंबून सोसायटीचा स्पीडब्रेकर तीनदा ओलांडला, टायर मडगार्डला घासतोय का बघायला. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर भार वाढतो, त्यामुळे काकांनी दर सर्व्हिसला बेअरिंग ऐकायचं ठरवलंय.

कागदपत्रांचंही बघा. गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. मी विमा कंपनीला मेल करून लेखी उत्तर आल्यावरच गाडी बाहेर काढली.

आई अजून मागे बसत नाही. पुढे बसते आणि ऐंशीच्या वर गेलं की रेडिओ बंद करते.